नातीच्या फीचे पैसे आणि आजीचा अर्ज

गेल्या वर्षी न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्या घरी मी तीन संध्याकाळ बसून होते. डायनिंग टेबलावर बँकेची पाच वर्षांची स्टेटमेंटं महिन्यागणिक लावून ठेवलेली, आणि मुलाच्या हातात पिवळा मार्कर. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, तेव्हा नर्सिंग होममध्ये होत्या, आणि तिथल्या खर्चासाठी मेडिकेड या सरकारी मदतीचा अर्ज भरायचा होता. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती, पण डोकं लख्ख होतं. एखाद्या ओळीचा अर्थ लागला नाही की मुलगा त्यांना फोन लावायचा. "आई, ५,००१ डॉलर कसले गं?" पलीकडून लगेच उत्तर यायचं, "अरे, देवळाच्या सभागृहाला नाही का दिले, बाबांच्या नावाने."

तिसऱ्या संध्याकाळी पिवळ्या ओळींची यादी तयार झाली. थोरल्या नातवाला घर घेताना दिलेले ४०,०००. नातीच्या कॉलेजच्या फीसाठी १८,०००. सांगलीच्या धाकट्या दिरांना तीन वर्षं दरमहा ३०० प्रमाणे १०,८००. आणि देवळाचे ५,००१. एकूण ७३,८०१ डॉलर. (घराची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, आकडे सोयीचे केले आहेत.) मुलाने मार्कर खाली ठेवला आणि मला विचारलं, "तिचे पैसे, तिने स्वखुशीने घरच्यांना दिले. त्याचा मेडिकेडशी काय संबंध?"

संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. मी वकील नाही. पण सासूबाईंच्या वेळी हे सगळं स्वतः निस्तरलं आहे, आणि तेव्हापासून ओळखीच्या घरांत कागद लावायला मदत करत आले आहे. आपल्या लोकांची या बाबतीत फार ओढाताण होते, आणि ती बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. पुण्या-मुंबईत नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खाजगी हॉस्पिटल. आपल्यातले कित्येकजण तिथेच जन्मलेले. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे जिथे उठणं-बसणं, अंघोळ, जेवण, औषधं या सगळ्यासाठी चोवीस तास माणूस लागणारे वृद्ध राहतात ती जागा. तिथला खर्च राज्याप्रमाणे बदलतो, पण वर्षाला १,००,००० डॉलरच्या पुढे सहज जातो. आणि हा खर्च मेडिकेअर देत नाही. सगळ्यात पहिला धक्का इथेच बसतो. मेडिकेअर हा ६५ वर्षांवरच्यांचा आरोग्य विमा. हॉस्पिटलात किमान तीन दिवस दाखल राहून नंतर कुशल नर्सिंगची किंवा फिजिओथेरपीची गरज असेल, तर तो जास्तीत जास्त १०० दिवस नर्सिंग होमचा खर्च उचलतो. त्यातले पहिले २० दिवस पूर्ण, पुढच्या दिवसांना रोजचा हिस्सा आपण भरायचा. पण आता फक्त रोजच्या जगण्याला हात लागतो आहे, असं ठरलं की तो थांबतो.

त्यापुढे खर्च उचलतं ते मेडिकेड. केंद्र आणि राज्य सरकार मिळून चालवतात, आणि ते ज्यांच्यापाशी पैसे नाहीत त्यांच्यासाठी आहे. मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी स्थलांतराच्या कायद्यावरही सही केली, ज्यामुळे आपले इंजिनिअर आणि डॉक्टर इथे येऊ शकले. त्या पहिल्या फळीतली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हाच्या एका कायद्याने ती इथे आली आणि आता दुसऱ्या कायद्याच्या दारात उभी आहेत.

मेडिकेडचा नर्सिंग होमचा लाभ मिळायचा तर बहुतेक राज्यांत एकट्या माणसाच्या नावावर मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरहून जास्त असता कामा नये. काही राज्यं उदार आहेत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये ही मर्यादाच काढून टाकली होती, १ जानेवारी २०२६ पासून ती एका माणसाला १,३०,००० डॉलर अशी परत आणली. नवरा-बायकोपैकी एक जण घरी राहत असेल तर त्याच्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येते. २०२५ साली तिची कमाल मर्यादा १,५७,९२० डॉलर होती. राहतं घर, एक गाडी, अंगावरचे दागिने हे सहसा मोजत नाहीत. सोन्याची वळी आणि नाणी लॉकरमध्ये गुंतवणूक म्हणून ठेवली असतील तर मोजतात.

आता कुणालाही सुचेल की मग पैसे मुलांच्या नावावर करू आणि अर्ज भरू. कायदा करणाऱ्यांनाही ते सुचलंच होतं.

पाच वर्षं मागे वळून

अर्ज आल्यावर राज्य सरकार मागची ६० महिन्यांची खाती तपासतं. इंग्रजीत याला लुक-बॅक म्हणतात. या काळात तुम्ही काही फुकट किंवा बाजारभावापेक्षा कमी किमतीत कुणाला दिलं का, एवढाच प्रश्न असतो. दिलं असेल, तर ते मेडिकेड मिळवण्यासाठीच दिलं असं गृहीत धरलं जातं. नाही, असं म्हणायचं तर ते सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर.

'फुकट दिलं' या दोन शब्दांत काय काय येतं, हे आपल्या घरांच्या डोळ्यांनी बघायला हवं. आपल्याकडे देणं हा व्यवहार नसतोच मुळी. नातवाच्या मुंजीत हातात ठेवलेलं पाकीट, भाचीच्या लग्नातला आहेर, भावाच्या आजारपणात पाठवलेले पैसे, गावच्या शाळेला वडिलांच्या नावाने दिलेली देणगी. यातल्या कशालाच आपण 'मालमत्तेचं हस्तांतरण' म्हणणार नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात अर्ज तपासणारी बाई मात्र म्हणेल, आणि तिच्या बाजूने तिचं बरोबर असेल. देवळाची देणगीसुद्धा तिच्या यादीत येते. देणगी कितीही पुण्याची असली तरी तिच्या बदल्यात देणाऱ्याला बाजारभावाची वस्तू मिळालेली नसते.

हातउसने दिलेले पैसेही तसेच. "धाकट्याला धंद्यासाठी दिलेत, तो देईल सवडीने," हे कागदावर नसेल तर ती भेटच. कागद केला तरी कसाही चालत नाही. परतफेड देणाऱ्याच्या अपेक्षित आयुष्यमानात संपणारी हवी, हप्ते सारखे हवेत, शेवटी एकदम मोठी रक्कम ठेवलेली नको, आणि देणारा गेला की कर्ज माफ असं कलम नको.

खात्यावर मुलाचं नाव जोडणं वेगळं. नुसतं नाव जोडलं म्हणून भेट होत नाही, कारण पैसे काढायचा आईचा हक्क शाबूत असतो. मुलाने त्यातून स्वतःसाठी पैसे काढले की त्या दिवशी ती भेट झाली. घराचं तसं नाही. घराच्या कागदांवर मुलाचं नाव चढवलं तर तेवढा हिस्सा देऊन टाकल्यासारखा धरतात.

सगळ्यात जास्त गफलत होते ती भारतातल्या मालमत्तेची. "ते तिकडचं आहे, इथे कोण विचारतंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. अर्जावर सही करताना आपण सगळी मालमत्ता सांगितली असं शपथेवर लिहून देतो. सगळी म्हणजे सांगलीच्या बँकेतली एफडी, पुण्याचा फ्लॅट आणि आजोबांच्या सातबाऱ्यावरचं नावही. तिथली मालमत्ता विकून पैसे आणता येण्याजोगी असेल तर ती मोजली जाते, आणि दिली असेल तर भेट ठरते.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा किरकोळ खर्च. इतकं स्वस्त असल्याने सुट्टीत गेलं की निबंधकाच्या कार्यालयात एक चक्कर मारून लोक मोकळे होतात. समजा काकूंनी ८५ लाखांचा फ्लॅट असाच पुण्यातल्या मुलीच्या नावावर केला. डॉलरचा भाव सोयीसाठी ८५ रुपये धरला, तर मेडिकेडच्या नजरेत त्यांनी त्या दिवशी १,००,००० डॉलर देऊन टाकले.

हक्कसोडपत्राचं तर आणखी अवघड. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायकोला मुलांच्या बरोबरीचा हिस्सा मिळतो. दोन मुलं असली तर तिचा एक तृतीयांश. पण आपल्याकडे दिवस-वार झाले की मुलं कागद तयार ठेवतात, आणि आई "मला आता काय करायचंय" म्हणून हक्क सोडून देते. बहीण भावासाठी सोडते. त्यात कुणाला पैसे मिळत नाहीत, म्हणून काही दिलं असं वाटतही नाही. मेडिकेडचा नियम मात्र स्पष्ट आहे: वारशाने मिळणारी मालमत्ता घ्यायला नकार देणं म्हणजेही मालमत्ता देऊन टाकणं. अमेरिकेत राहणाऱ्या आईची किंवा आत्याची सही अशा कागदावर घ्यायची वेळ आली, तर आधी तिच्या वयाचा आणि तब्येतीचा विचार करा. ही गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली असती तर आमच्या घरातली एक सही थांबली असती.

१९,००० डॉलरचं काय?

हमखास विचारला जाणारा प्रश्न. "वर्षाला १९,००० पर्यंत भेट देता येते ना?" येते, पण ती कराची गोष्ट आहे. २०२५ साली एका माणसाला १९,००० डॉलरपर्यंत दिले तर भेटीच्या कराचा फॉर्म भरावा लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर खातं आणि मेडिकेड ही दोन वेगळी घरं आहेत. मेडिकेडला १९,००० ची सवलत ठाऊक नाही. कर खात्याच्या दृष्टीने कॉलेजला थेट भरलेली फी भेटीत धरतच नाहीत; मेडिकेड ती धरतं. भारतात आईने मुलाला दिलेले पैसे करमुक्त असतात, त्याचाही इथे उपयोग नाही. अकाउंटंटने "काही हरकत नाही" म्हटलं होतं म्हणून निर्धास्त राहिलेली घरं मी पाहिली आहेत. अकाउंटंटने त्याच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं.

शिक्षा किती, आणि कधीपासून

इथे जरा सावकाश वाचा, कारण खरी मेख इथे आहे.

भेटींची बेरीज करतात आणि तिला एका आकड्याने भागतात. तो आकडा म्हणजे त्या राज्यात नर्सिंग होमचा महिन्याचा सरासरी खाजगी खर्च. राज्य तो वेळोवेळी जाहीर करतं. समजा तो १०,००० डॉलर आहे. काकूंच्या ७३,८०१ ला भागलं की ७.३८. म्हणजे सात महिने अकरा दिवस मेडिकेड नर्सिंग होमचे पैसे देणार नाही. या मुदतीला वरची मर्यादा नाही. ८,००,००० चं घर देऊन टाकलं असेल तर ८० महिने.

आता, हे सात महिने सुरू कधी होतात? पूर्वी ते भेट दिल्याच्या महिन्यापासून मोजायचे आणि मागे वळून बघायचे ते ३६ महिनेच. दोन वर्षांपूर्वी ५०,००० दिले असतील तर पाच महिने कधीच सरलेले असायचे. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी तुटीच्या कपातीच्या कायद्यावर सही केली आणि दोन्ही गोष्टी बदलल्या. ३६ चे ६० महिने झाले. आणि शिक्षा सुरू होऊ लागली ती माणूस नर्सिंग होममध्ये दाखल झाल्यावर, त्याची मालमत्ता २,००० च्या खाली आल्यावर आणि त्याने अर्ज केल्यावर. म्हणजे बाकी सगळ्या अर्थाने तो पात्र ठरल्यावर.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. काकूंपाशी पैसे उरलेले नाहीत, हे राज्याला मान्य आहे. त्यांना चोवीस तास माणूस लागतो, हेही मान्य आहे. आणि नेमक्या त्याच दिवसापासून सात महिने अकरा दिवस कुणीही पैसे देणार नाही. त्या काळाचं बिल कुणीतरी भरायचं असतं, आणि तो कुणीतरी म्हणजे बहुधा मुलगा.

काही राज्यांत आई-वडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी मुलांवर टाकणारे जुने कायदे अजून जिवंत आहेत. पेनसिल्व्हेनियात २०१२ साली वरिष्ठ न्यायालयाने एका मुलाला आईचं सुमारे ९३,००० डॉलरचं नर्सिंग होमचं बिल भरायला लावलं. आईचा मेडिकेडचा अर्ज तेव्हा निकाली निघायचा होता, आणि ती स्वतः ग्रीसला निघून गेली होती. मुलाने काही फसवणूक केली होती, असं कुणीही म्हटलं नव्हतं.

जे दिलेलं चालतं

सगळंच देणं अडत नाही. नवरा-बायकोने एकमेकांना कितीही द्यावं, कारण दोघांची मालमत्ता तशीही एकत्रच मोजतात. अंध किंवा कायमच्या अपंग मुलाला दिलेलं धरत नाहीत, मुलाचं वय काहीही असो. घर एकवीस वर्षांखालच्या मुलाला देता येतं. घरात आधीपासून मालकीचा हिस्सा असलेल्या आणि वर्षभर तिथेच राहिलेल्या भावंडालाही देता येतं.

सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली सवलत म्हणजे सेवा करणाऱ्या मुला-मुलीची. मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांच्या घरी, नर्सिंग होममध्ये जायच्या आधी सलग दोन वर्षं राहिली असेल, आणि तिच्या सेवेमुळे नर्सिंग होम तेवढं लांबलं असेल, तर आई-वडील ते घर तिला देऊ शकतात, शिक्षेशिवाय. डॉक्टरांचं पत्र लागतं, पत्ता तिथलाच असल्याचे पुरावे लागतात. आपल्या घरांत अडचण उलटी असते: घर मुलाचं आणि आई-वडील त्याच्याकडे राहायला आलेले. मग द्यायला आईचं घरच नसतं. पण ज्या आजी-आजोबांनी सत्तरच्या दशकात स्वतःचं घर घेतलं आणि नोकरी सोडून लेक त्यांच्याजवळ राहायला आली, त्या लेकीला ही सवलत सांगायलाच हवी. तिने वर्षानुवर्षं रात्री उठून बापाची कूस बदललेली असते, आणि घर विकून निघून जायची वेळ तिच्यावर नियम माहीत नसल्यामुळे येते. ते बघवत नाही.

सुनेने किंवा मुलीने केलेल्या सेवेचा मोबदलाही देता येतो, पण त्याची कागदोपत्री रीत आहे. सेवा सुरू करायच्या आधी लेखी करार, त्यात कामं आणि तास, आणि बाजारात त्या कामाला मिळतो तेवढाच दर. "गेली चार वर्षं सुनेने केलं, आता तिला ३०,००० देऊन टाका," असं मागाहून दिलं तर ती भेटच. घरच्या माणसाने जे केलं ते प्रेमापोटी केलं, असं बहुतेक राज्यं गृहीत धरतात. सासूने सुनेशी करार करायचा म्हणजे आपल्याकडे कसंसंच वाटतं, हे मला कळतं. माझ्या सासूबाईंनाही वाटलं होतं. करार केला, सहा महिन्यांत दोघींनाही त्याची सवय झाली. सुनेने तो पगार आपल्या करपत्रात दाखवायचा असतो, हेही लक्षात ठेवा.

आणि स्वतःवर केलेला खर्च ही भेट कधीच नसते. घराचं छप्पर दुरुस्त करा, कर्ज फेडा, नवी कवळी आणि श्रवणयंत्र घ्या, अंत्यविधीचे पैसे परत न मिळणाऱ्या प्रकाराने आधीच भरून ठेवा. हे सगळं चालतं. पावत्या मात्र ठेवा.

ग्रीन कार्डाची पाच वर्षं वेगळी

मुलाने बोलावून घेतलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत आणखी एक पाच वर्षांचा आकडा येतो आणि दोन्हींची सरमिसळ होते. १९९६ च्या कायद्यानंतर ग्रीन कार्डावर आलेल्यांना बहुतेक राज्यांत पहिली पाच वर्षं मेडिकेडचा पूर्ण लाभ मिळत नाही. काही राज्यं स्वतःच्या पैशाने काही मदत करतात. पाच वर्षं झाली तरी मुलाने ग्रीन कार्डाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र आडवं येऊ शकतं, कारण त्याची कमाई आई-वडिलांचीच म्हणून धरता येते. आई-वडील नागरिक झाले की ही दोन्ही बंधनं सुटतात. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. लुक-बॅकची पाच वर्षं मात्र नागरिक असो वा नसो, सगळ्यांना सारखीच.

यातून एक तिढा तयार होतो. आई-वडील ग्रीन कार्डावर यायला निघतात तेव्हा तिकडचं घर मार्गी लावतात, म्हणजे बहुधा कुणाच्या तरी नावावर करतात. ते जर येताना केलं, तर नागरिकत्व मिळेपर्यंत ते बक्षीसपत्र बहुतेक जुनं झालेलं असतं. येऊन दोन-तीन वर्षांनी केलं, तर ऐन गरजेच्या वेळी ते पाच वर्षांच्या आत सापडतं.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी थोडंसं. तिथे स्थानिक कौन्सिल मदत करतं, आणि मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च आपला आपण करायचा. पैसे मुद्दाम दुसऱ्याला दिले असं कौन्सिलला वाटलं तर ते अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशोब होतो, आणि त्याला पाच वर्षांची किंवा कसलीच मुदत नाही. सात वर्षांचा जो आकडा लोक सांगतात तो वारसा कराचा.

देऊन झालं असेल तर

भेट परत करता येते. सगळी परत केली तर शिक्षा रद्द होते. थोडी परत केली तर काही राज्यं तेवढी सूट देतात, काही देत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. परत आलेले पैसे आईच्या खात्यात येतात, त्यामुळे ते तिच्या औषधपाण्यावर संपेपर्यंत ती पात्र नसते, पण निदान बिल भरायला ते असतात.

दुसरा मार्ग, भेटीचा हेतू वेगळाच होता हे दाखवणं. नातवंडांना दरवर्षी तेवढीच रक्कम देण्याची वीस वर्षांची रीत आहे, देताना तब्येत ठणठणीत होती, आणि पक्षाघात अचानक आला. असे पुरावे असतील तर ते जरूर मांडा, पण नियमाचे शब्द कडक आहेत: मेडिकेड मिळवणं हा हेतू अजिबात नव्हता, हे पटवावं लागतं. तिसरा मार्ग, अतीव हालअपेष्टांचा अर्ज. मदत नाकारली तर जिवाला धोका होईल किंवा अन्न-निवारा जाईल, असं असेल तर शिक्षा माफ करण्याची सोय प्रत्येक राज्याला ठेवावीच लागते. नर्सिंग होमही आपल्या संमतीने आपल्या वतीने तो अर्ज करू शकतं. मंजुरी अवघड असते.

आणि घर वाचलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ५५ वर्षांवरच्या माणसावर मेडिकेडने नर्सिंग होमसाठी केलेला खर्च त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करणं राज्यांना १९९३ पासून बंधनकारक आहे. हयात जोडीदार असेपर्यंत मात्र हात लावत नाहीत.

या सगळ्यातल्या मोठ्या निर्णयांना वृद्धांच्या कायद्याचं काम करणारा त्याच राज्यातला वकील गाठा. दुसऱ्या राज्यातल्या चुलतभावाचं ऐकून काही करू नका. त्याच्या राज्यातला नियम खरोखर वेगळा असू शकतो.

तर त्या तिसऱ्या संध्याकाळी आम्ही पुन्हा यादीकडे वळलो. मी प्रत्येक ओळीसमोर तारीख लिहायला सांगितली. नातवाला दिलेले ४०,००० चार वर्षं दहा महिन्यांपूर्वीचे निघाले. साठ महिने मोजतात ते अर्जाच्या दिवसापासून मागे. आणखी दोन महिने अर्ज केलाच नाही, तर ही ओळ चौकटीच्या बाहेर जात होती. काकूंच्या खात्यात २६,००० शिल्लक होते. पात्र व्हायला ते तसेही २,००० पर्यंत खर्च व्हायलाच हवे होते, आणि त्यांच्या नर्सिंग होमचं महिन्याचं बिल १२,००० होतं. दोन महिन्यांचे २४,०००.

वकिलांनी हिशोब पाहून होकार दिला. काकूंनी आपले दोन महिने आपल्या पैशाने काढले आणि तिसऱ्या महिन्यात अर्ज गेला. ७३,८०१ मधून ४०,००० वजा झाले. राहिले ३३,८०१, म्हणजे तीन महिने अकरा दिवस. ते बिल मुलाने आणि मुलीने निम्मंनिम्मं वाटून घेतलं. नातवाला हे कळलं तेव्हा त्याने आपणहून पहिल्या महिन्याचा चेक आणून दिला. सांगलीला पाठवायचे ३०० डॉलर आता मुलगा त्याच्या खात्यातून पाठवतो.